सिंधुबंदी उठली, पण जहाजावर आम्ही कुठे?

"काका, जय भीम. मी जहाजावर चढतेय. आता फोन लागेल न लागेल. आईला सांगा, काळजी करू नको म्हणावं."

विशाखापट्टणमच्या बंदरातून आलेला हा फोन आम्ही नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात घेतला. एका जामीन अर्जाचा पुकारा व्हायचा होता. फोन ठेवला आणि क्षणभर काही सुचेना. ज्या वस्तीत पाण्याच्या टँकरपुढे हंड्यांची रांग लागते, त्या वस्तीतली मुलगी समुद्राचा अभ्यास करणाऱ्या जहाजावर पाय ठेवत होती. वडील अंबड औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झालेली, एका संशोधन प्रकल्पात प्रशिक्षणार्थी म्हणून निवडली गेलेली. तिचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. तिला अजून पुष्कळ मुलाखती द्यायच्या आहेत आणि आडनाव वाचून चेहरा बदलणारे लोक या देशात अजून पुष्कळ आहेत.

या लेखाची सुरुवात आम्हाला एका कबुलीने करावी लागेल. तीन वर्षांपूर्वी ही मुलगी आमच्या कार्यालयात आली आणि म्हणाली, "काका, मला समुद्रविज्ञानात जायचं आहे." तेव्हा आम्हीच तिला म्हणालो होतो, "समुद्र? नाशिकला कुठे आहे समुद्र? बी.एड. कर, नाहीतर स्पर्धा परीक्षेला बस. घर उभं राहील." चळवळीत वीस-बावीस वर्षे घालवलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाच्या तोंडचे हे वाक्य आहे. इतरांनी आमच्या मुलांच्या वाटा अडवल्या, यावर आम्ही शेकडो भाषणे दिली. त्या दिवशी मात्र वाट अडवून आम्ही स्वतः उभे होतो. मुलीने आमचे ऐकले नाही, हे तिचे आमच्यावर उपकारच म्हणायचे.

तीन आठवड्यांनी ती परतली आणि रविवारी वंदनेनंतर बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून तिने आम्हाला जहाजावरचा पहिला दिवस सांगितला. तो जसा ऐकला तसा वाचकांपुढे ठेवतो. कारण आमच्या पानांवर मोर्चे येतात, निकाल येतात, अत्याचाराच्या बातम्या येतात. आमच्या मुलांचा ज्ञानाच्या दारातला पहिला दिवस मात्र क्वचितच येतो.

सकाळी आठला बंदराच्या फाटकावर ओळखपत्रे तपासली गेली. डोक्यावर हेल्मेट, पायात जाड बूट. धक्का आणि जहाज यांच्यामधल्या हलत्या शिडीवरून वर चढायचे. खाली तेलकट हिरवे पाणी. वर पोचताच नोंदवहीत नाव, मग खोलीची किल्ली. खोली म्हणजे दोन बंक, एक टेबल, एक गोल खिडकी. सोबतीला केरळची एक संशोधक. दारावर दोघींची नावे छापून लावलेली. ती सांगत होती, "काका, कुठल्या दारावर माझं नाव मी पहिल्यांदाच पाहिलं." आम्ही काही बोललो नाही. आमच्या स्वतःच्या नावाची पाटी लागली त्या दिवशी आमचे वडील ती हाताने पुसत कितीतरी वेळ उभे होते, ते आठवले.

दुपारी मोठा भोंगा झाला. सात लहान आणि एक लांब. हा धोक्याचा इशारा. सगळ्यांनी जीवरक्षक जाकिटे घालून ठरलेल्या जागी जमायचे, डोकी मोजायची, कोणी कोणत्या जीवनौकेत बसायचे ते पक्के करायचे. कप्तान, शास्त्रज्ञ, स्वयंपाकी, खलाशी, विद्यार्थी, सगळे एका ओळीत. "बुडायची वेळ आली तर कोणी आधी बसायचं, हे हुद्द्यावर नसतं काका. प्रत्येकाची जागा आधीच ठरलेली असते," ती म्हणाली. अर्थात जहाजावर समता नांदते असा भाबडा समज आम्ही करून घेत नाही. तिथेही अधिकाऱ्यांचे टेबल वेगळे असते, डेक घासणारे हात वेगळे असतात. पण निदान संकटाच्या यादीत तरी माणूस माणूस म्हणून मोजला जातो.

मग मुख्य शास्त्रज्ञांनी बैठक घेऊन कामाचा आराखडा सांगितला. संशोधन जहाज रात्री झोपत नाही. त्याचा एकेक दिवस लाखमोलाचा असतो, म्हणून काम चोवीस तास चालते. चार तास काम, आठ तास विश्रांती, पुन्हा चार तास काम. हिच्या वाट्याला बारा ते चारची पाळी आली, दुपारची आणि मध्यरात्रीचीही. प्रयोगशाळेत प्रत्येक वस्तू बांधून ठेवायची. बाटल्या खोक्यात घट्ट, संगणक पट्ट्यांनी टेबलाला जखडलेला, खुर्चीसुद्धा दोरीने बांधलेली. चालताना एक हात कायम कठड्याला. बंदर सुटले, किनारा धूसर झाला आणि जहाज डोलू लागले. संध्याकाळपर्यंत तिच्या पोटात काही टिकेना. डेकवरचा मुकादम, ज्याला जहाजावर बोसन म्हणतात, तो रत्नागिरीकडचा निघाला. त्याने मराठीत सांगितले, "पोरी, रिकाम्या पोटी झोपू नको. कोरडी बिस्किटं खा आणि बाहेर येऊन लांब रेघेकडे बघत बस." आकाश आणि पाणी मिळतात ती रेघ. तेवढी एकच गोष्ट समुद्रावर स्थिर असते.

रात्री दोनच्या सुमाराला जहाज थांबले. ठरलेली जागा आली होती. लोखंडी चौकटीत गोलाकार बसवलेल्या लांब बाटल्या आणि मध्ये मोजमापाची यंत्रे, असा तो संच तारेने पाण्यात सोडला गेला. खाली जाताना तो खारटपणा, तापमान आणि खोली मोजत जातो. संगणकाच्या पडद्यावर रेघा उतरत होत्या. वर अठ्ठावीस अंश असलेले पाणी दोन हजार मीटरवर तीनेक अंशांवर आले. वर येताना ठरावीक खोलीवर एकेक बाटली मिटते आणि तिथले पाणी घेऊन येते. बंगालच्या उपसागराचे वरचे पाणी तुलनेने कमी खारट असते, कारण गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा या नद्या आपले गोडे पाणी तिथे ओततात. हे हलके पाणी झाकणासारखे वर राहते आणि खालचे पाणी सहजी वर येऊ देत नाही. त्या झाकणाखाली एक थर असा आहे जिथे प्राणवायू जवळजवळ नाहीच.

बाटली डेकवर आली की सर्वात आधी प्राणवायूसाठीचा नमुना काढायचा, हवेचा बुडबुडा न जाऊ देता. हे काम तिला दिले होते. पोटात ढवळत होते, हात थरथरत होते, तरी तिने नळीतून पाणी हळूहळू भरले. मग दोन रसायने घातली. प्राणवायू असलेल्या पाण्यात तपकिरी साका बसला. खोलच्या त्या थरातल्या बाटलीत तो पांढरट राहिला. पुस्तकात वाचलेली गोष्ट मध्यरात्री तिच्या हातातल्या बाटलीत घडली. "मी दोनदा उलटी केली काका, पण एकही नमुना वाया जाऊ दिला नाही." ज्यांना 'गुणवत्ता' या शब्दाची फार काळजी असते, त्यांनी हे वाक्य जपून ठेवावे.

वाचक विचारतील, हे सगळे ठीक आहे, पण चळवळीचा आणि समुद्राचा संबंध काय?

संबंध नाशिकपासूनच सुरू होतो. गोदावरी आमच्या त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून पश्चिमेचा अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालत जाऊन आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत ती आमच्या शेतांची काळी माती वाहून नेते. ती माती उपसागराच्या तळाशी थरावर थर साचते. २००६ मध्ये 'जॉइडेस रेझोल्यूशन' या जहाजाने भारताच्या इंधनवायू शोध मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळाला भोके पाडून गाळाचे लांब खांब वर काढले. त्यातल्या एका खांबाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गाळात अडकलेल्या वनस्पतींच्या अवशेषांवरून शास्त्रज्ञांनी सांगितले की सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या हवामानाची झाडे वाढत गेली. ते सतराशे वर्षांपूर्वीपर्यंत चालले आणि पुढेही कोरडेपणा टिकून राहिला.

याचा अर्थ काय? आमच्या जोर्वे, दायमाबाद, नेवासे इथल्या ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांनी जे दुष्काळ सोसले, त्यांची नोंद कुठल्या पोथीत सापडत नाही. ती समुद्राच्या तळाशी गाळात आहे. पोथी लिहिणाऱ्याला जात असते, गाळाला नसते. ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही, त्यांचा इतिहास मातीने लिहून ठेवला आहे. तो वाचायला जहाज लागते, यंत्र लागते आणि वाचणारी माणसे लागतात. ती वाचणारी माणसे कोण असावीत, हा खरा चळवळीचा प्रश्न आहे.

आता समुद्राच्या बंदीकडे येऊ. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास हे पतित करणारे कर्म ठरवले. पुढे हीच सिंधुबंदी उच्चवर्णीयांच्या मानगुटीवर शतकानुशतके बसली. एकोणिसाव्या शतकात विलायतेला जाऊन आलेल्यांना प्रायश्चित्त घ्यायला लावत, जातीबाहेर टाकत. पण त्याच नाशिकात, त्रिरश्मी डोंगरातल्या आमच्या बौद्ध लेण्यांत, दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख वेगळेच बोलतात. गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायल्याचा अभिमान आहे. उषवदाताच्या लेखात दमणगंगा, तापी, डहाणूकडची नदी अशा नद्यांवर लोकांसाठी फुकट होड्यांची सोय केल्याची नोंद आहे. एका लेण्याचा दाता तर यवन आहे. पाणी ओलांडण्यात पुण्य मानणारी एक परंपरा या डोंगरात कोरलेली आहे आणि पाणी ओलांडण्यात पाप मानणारी दुसरी परंपरा डोंगराखालच्या घाटावर पोसली गेली. नाशिकच्या माणसाला या दोन परंपरांतला फरक शिकवावा लागू नये.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. ज्यांना समुद्र निषिद्ध होता, त्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि तो ओलांडला. आम्हाला गावची विहीर निषिद्ध होती. तिला प्रायश्चित्तसुद्धा नव्हते. कोकणचे कोळी, भंडारी, खारवी, मुसलमान खलाशी पिढ्यानपिढ्या समुद्रावर राबत होतेच. त्यांना कोणी सिंधुबंदी लावली नाही, कारण त्यांच्या श्रमाची गरज होती. बंदी नेहमी ज्ञानाच्या आणि प्रतिष्ठेच्या दारावर असते, कष्टाच्या दारावर कधीच नसते.

१९१३ साली एका तरुण विद्यार्थ्याने मुंबईहून जहाज धरले आणि जुलैत तो न्यूयॉर्कला पोचला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती हातात होती म्हणून ते जहाज मिळाले. १९१७ साली परतताना बाबासाहेबांचे पुस्तकांचे सामान ज्या बोटीने येत होते, ती पाणतीराने बुडाली. ज्या माणसाची ग्रंथसंपदा समुद्राने गिळली, त्याच माणसाने दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी नदीखोऱ्यांच्या नियोजनाचा पाया घातला. जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन यांचा केंद्रीय आयोग १९४५ मध्ये त्यांच्याच खात्याखाली आला. बाबासाहेबांना पाणी हा केवळ स्पर्शास्पर्शाचा विषय वाटत नव्हता. पाणी हा त्यांच्यासाठी शास्त्राचा आणि नियोजनाचाही विषय होता. आम्ही त्यांचा महाडचा वारसा मनापासून जपला. हा दुसरा वारसा मात्र आमच्याकडून निसटला.

आम्ही वकील आहोत, म्हणून दोन कायदे शेजारी ठेवून पाहतो. महाडच्या सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला होता. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना बंदी ही पूर्वापार वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. हा दावा दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण अशी अनादि वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. आता दुसरा कायदा पाहा. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याचा कलम १३६ सांगतो की कोणत्याही देशाच्या हद्दीत नसलेला समुद्रतळ आणि त्यातली संपत्ती हा साऱ्या मानवजातीचा सामायिक वारसा आहे. भारताने हा करार १९९५ मध्ये मान्य केला. मध्य हिंदी महासागराच्या तळावर निकेल, तांबे, कोबाल्ट आणि मँगनीज असलेले बटाट्याएवढे गोळे पसरलेले आहेत. एक गोळा काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षे लागतात. १९८१ मध्ये 'गवेषणी' या आपल्या जहाजाने असे गोळे पहिल्यांदा वर काढले. आज तिथल्या ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात शोध घेण्याचा करार भारताकडे आहे. २०२१ मध्ये केंद्राने खोल समुद्र मोहिमेला पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारी 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी याच मोहिमेतली.

सामायिक वारसा म्हटले की आमचे कान टवकारतात. तळेही सार्वजनिकच होते. कागदावर ते १९२३ च्या बोले ठरावानेच खुले झाले होते. तरीही तिथे जाऊन पाणी प्यावे लागले, तेव्हा ते खुले झाले. समुद्रतळ कागदावर सगळ्यांचा आहे. तिथे जाऊन नमुना घेणारे हात कोणाचे असतील, त्यावर तो खरोखर कोणाचा हे ठरेल. हे गोळे उचलावेत की समुद्रतळाला इजा होईल म्हणून तिथेच राहू द्यावेत, यावर जगभर वाद चालू आहे. त्या वादात आमच्या बाजूने बोलणारा, आकडे समजणारा माणूस हवा की नको?

या देशात समुद्राचा अभ्यास नवा नाही. साठच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे गोव्यात दोना पावला इथे आहे. १९७६ मध्ये 'गवेषणी', १९८३ मध्ये जर्मनीत बांधलेली 'सागर कन्या', १९८४ मध्ये 'सागर संपदा', पुढे 'सागर निधी' आणि २०१४ मध्ये 'सिंधू साधना' अशी जहाजे आली. नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत पुण्यात शिकत असताना एक समुद्रावरचे पुस्तक वाचून या शास्त्राकडे वळल्या. अमेरिकेची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून त्या हवाईला गेल्या, नंतर लंडनहून डॉक्टरेट घेऊन गोव्याच्या संस्थेत आल्या. १९८३-८४ च्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकावर पाय ठेवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. एक पुस्तक आणि एक वेळेवर मिळालेली शिष्यवृत्ती. एवढ्या दोन गोष्टींनी एक आयुष्य समुद्राला जोडले. आमच्या वस्त्यांत ते पुस्तक पोचत नाही आणि शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही.

आता आमच्या मुलीला कोणत्या घाटावर अडवले गेले, तेही सांगितले पाहिजे. निवडीचे पत्र आले. त्यात हजर होण्याची तारीख होती आणि खाली एक ओळ होती: प्रवासखर्च नंतर देण्यात येईल. रेल्वेचे जाण्यायेण्याचे तिकीट, वैद्यकीय तपासणी, बूट, बंदरगावातला दोन दिवसांचा मुक्काम, सगळे मिळून नऊ हजार रुपये आधी खिशातून घालायचे. तिची आधीची शिष्यवृत्ती सात महिने अडकलेली. एका कार्यालयात तिच्या अर्जावर 'त्रुटी' असा शेरा होता. कोणती त्रुटी, ते सांगायला कोणी तयार नव्हते. आम्ही वकीलपत्र नसतानाही काळा कोट घालून त्या कार्यालयात गेलो, तेव्हा अर्ध्या तासात कळले की त्रुटी काहीच नव्हती. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलाच नव्हता. तरी पैसे वेळेत आले नाहीत. शेवटी वस्तीतल्या महिलांच्या बचत गटाने नऊ हजार रुपये दिले. धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, विडी वळणाऱ्या बायांनी. त्यातल्या एकीने समुद्र फक्त चैत्यभूमीला जाताना पाहिला आहे. ती म्हणाली, "जाऊ द्या पोरीला. आपण लांबून पाहिला, ती आत जाऊन बघेल."

म्हणून आम्ही म्हणतो, आजची सिंधुबंदी धर्मग्रंथात राहिलेली नाही. ती 'प्रवासखर्च नंतर देण्यात येईल' या एका ओळीत आहे. ही ओळ लिहिणाऱ्याच्या मनात जात नसेलही. पण ज्याच्या घरात नऊ हजार रुपये पडून असतात त्यालाच ती ओळ दिसत नाही. ज्याच्या घरात नसतात, त्याच्यासाठी ती भिंत आहे.

दुसरी भिंत अधिक उंच आहे. आरक्षण असल्यामुळे सगळीकडे आमचेच लोक भरले, अशी ओरड करणाऱ्यांना हे सांगावे लागेल की संशोधनाच्या वरच्या पदांना केंद्राने १९७५ च्या आदेशानेच आरक्षणातून सूट देण्याची वाट करून ठेवली आहे. गट 'अ' च्या सर्वात खालच्या श्रेणीच्या वरची, संशोधन करणारी वा त्याला दिशा देणारी शास्त्रीय पदे त्यात येतात. १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा सहानी निकालानेही संशोधन संस्थांतली तांत्रिक पदे, अणू आणि अवकाश संशोधन, वैमानिक अशा जागांवर आरक्षण योग्य ठरणार नाही, असे मत नोंदवले. त्या निकालाने ओबीसी आरक्षण वाचवले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण ज्ञान निर्माण होते त्याच खोलीच्या दारावर 'गुणवत्ता' अशी पाटी लावून आम्हाला बाहेर बसवण्याची सोय त्याने केली, हेही तितकेच खरे. म्हणजे जहाजाचा डेक घासायला जात आड येत नाही. जहाजाने कुठे जायचे हे ठरवणाऱ्या टेबलावर मात्र ती न बोलता येऊन बसते.

आमच्याही घरातल्या भिंती आहेत, त्या झाकून चालणार नाही. मुलीच्या मामाने विचारले, "तीन आठवडे परक्या पुरुषांत, पाण्यावर? लग्न कोण करील?" कार्यकर्त्यांनी विचारले, "पोटाचे प्रश्न पडलेले असताना समुद्र कशाला?" आम्ही उत्तर देतो, पोटाचाच प्रश्न आहे. मोसमी पाऊस समुद्रातून येतो. बंगालच्या उपसागराचे वरचे पाणी किती तापले, त्यावर चक्रीवादळे आणि पाऊस ठरतो. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी रोजगार हमीची खडी फोडून काढला, ते आमचेच आई-बाप होते. पाऊस कधी दगा देणार याचे ज्ञान सर्वात आधी कोणाला हवे? ज्याच्याकडे विहीर नाही, गुदाम नाही, साठवलेले धान्य नाही, त्यालाच ना?

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. शासकीय वसतिगृहांत समुद्रविज्ञान, हवामानशास्त्र, भूगर्भशास्त्र यांतल्या प्रशिक्षणाच्या आणि संशोधनाच्या संधींची माहिती दरवर्षी लावली जावी. प्रशिक्षणासाठी निवड झालेल्या गरीब विद्यार्थ्याला प्रवासखर्च आगाऊ मिळावा. शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहे, हे विद्यार्थ्याला लेखी कळावे. संशोधन मोहिमांत कोणत्या समाजातले किती विद्यार्थी जातात, याचे आकडे संस्थांनी जाहीर करावेत. आकडे मागण्यासाठी माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्याजवळ आहे. आमच्या तरुण वकिलांनी तो वापरावा. आणि चळवळीने आपल्याकडूनही एक काम करावे. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग वेगळा काढून प्रत्येक वस्तीत 'नंतर मिळेल' या ओळीसाठी निधी उभारावा. पैसे परत आले की ते पुढच्या मुलाला द्यावेत. आमच्या बायांच्या बचत गटाने जे करून दाखवले, ते आमच्या मंडळांना का जमू नये?

बुद्धाने सागराची उपमा दिली होती. नद्या समुद्राला मिळाल्या की आपापली नावे सोडतात, तशी संघात आलेली माणसे आपले वर्ण सोडतात. ही उपमा आम्ही विहारात कितीदा सांगितली. गोदावरीचे नाव कुठे संपते ती जागा आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. ही मुलगी पाहून आली. ती म्हणाली, "पाण्यात नाव राहत नाही काका, पण तळाशी माती राहते. नळीतला गाळ कापून ठेवताना वरची बाजू कोणती, खालची कोणती, हे बाणाने लिहावं लागतं. चुकलं तर सगळा इतिहास उलटा वाचला जातो." आम्ही तिच्याकडे पाहतच राहिलो. इतिहास उलटा वाचला जाण्याचा अनुभव आमच्या समाजाइतका कोणाला असेल?

येत्या १४ एप्रिलला आमच्या वस्तीच्या कार्यक्रमात दरवर्षीप्रमाणे वक्ते असतील. या वेळी त्यांच्या आधी अर्धा तास या मुलीला दिला आहे. पडदा लावून ती जहाजाचे फोटो दाखवणार आहे. बचत गटाच्या बाया पहिल्या रांगेत बसतील. आम्ही व्यासपीठावरची आमची खुर्ची सोडून खाली, त्यांच्या मागे बसणार आहोत. तीन वर्षांपूर्वी 'नाशिकला कुठे आहे समुद्र' असे विचारणाऱ्या माणसाची जागा तीच आहे.

जय भीम!